दातांचे वण

चर्चमध्ये अर्पणाचं ताट बाकांवरून फिरू लागलं की आमचे मामंजी डोळे मिटून बसायचे. नव्या माणसाला वाटावं, म्हातारा काय तल्लीन झालाय! कसलं तल्लीन? सगळा जीव कानात असायचा. ताटात नाणं पडलं की त्यांचे ओठ हलत, आणि उपासना सुटल्याबरोबर ते तडक खजिनदाराला गाठत. "तिसऱ्या बाकावरून एक राजाछाप पावली पडलीय, चांदीची. ती मला द्या आणि हा रुपया ताटात टाका." खजिनदार चिल्लर चाळायचा आणि पावली निघायचीच. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी हे पाहिलं आणि मला हसू आवरेना. सासरच्या माणसांपुढे तोंडात पदर कोंबून हसले.

नेवाशात त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. ढब्बू मास्तर म्हटलं की पोरगंसुद्धा आमचं घर दाखवायचं. मिशनच्या शाळेत ते मास्तर होते, आणि खिशात तांब्याचा जाडजूड ढब्बू पैसा ठेवायचे. वर्गात गलका झाला की तो टेबलावर आपटायचा, म्हणजे पोरं चिडीचूप. पुढे नोकरी संपली, शाळा सुटली, पण ढब्बू काही सुटला नाही. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. माझे यजमान साखर कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी यायचे. म्हणजे घरात मी, मामंजी आणि मामंजींची पत्र्याची पेटी.

त्या पेटीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. प्रत्येक नाण्याला कागदाची पुडी, आणि पुडीवर कित्त्यासारख्या वळणदार अक्षरात चिठ्ठी. "राणीछाप रुपया. चांदी. प्रत उत्तम." "लढाईतला रुपया. भेसळ. प्रत मध्यम." पेपर तपासावेत तसे ते नाणी तपासायचे. ओरखडा दिसला की गुण कापले. सरकारनं दहा पैशाचं ॲल्युमिनियमचं नाणं काढलं तेव्हा त्यांनी ते नखानं उडवून कानाशी धरलं आणि तोंड वाईट केलं. "ह्याला आवाजच नाही, सूनबाई. पत्रावळीवर भात पडल्यासारखं वाटतं." मी म्हटलं, "मामंजी, त्याची कोथिंबीर मात्र येते." त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

आता इतका तयार कान असलेला माणूस फसू नये की नाही? पण फसायचे, आणि चांगले सणसणीत फसायचे. एकदा काष्टीच्या बाजारात माझ्या यजमानांबरोबर शेळी आणायला गेले आणि शेळीऐवजी मोहर घेऊन आले. कुणा गवंड्याला जोतं खणताना सापडली म्हणे. पावसाळ्यात त्या मोहरेवर हिरवं चढलं. कोल्हारला एकाकडून सात राणीछाप रुपये एकदम घेतले. घरी येऊन भिंगाखाली धरले, तर सातही रुपयांच्या कडेला कानशीचा घासा. कुणा बाईच्या गळ्यातल्या माळेचे रुपये ते, कडी कापून विकलेले. मामंजींनी कपाळाला हात लावला. "बाईनं गळ्यात घातलं की नाणं मेलं," असं त्यांचं ठाम मत होतं. असल्या फसलेल्या मालासाठी बिस्किटांचा एक जुना डबा होता. त्याला ते 'फीचा डबा' म्हणायचे. "शिकायचं तर फी भरावी लागते. ही मी भरलेली फी." आलेल्या पाहुण्याला तो डबासुद्धा ते हौसेनं दाखवायचे.

मग दुष्काळ पडला. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं. प्रवरेच्या वाळूत बाया हातभर खोल झिरे करून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. सरकारनं रस्त्याची कामं काढली, आणि ज्या बायकांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं त्या उन्हात खडी फोडायला बसल्या. त्याच दिवसांत आमच्या दारी चांदी येऊ लागली. ढब्बू मास्तर जुनी चांदी घेतात हे पंचक्रोशीला ठाऊक होतं. तोडे, वाळे, करदोटे, लेकरांच्या कमरेच्या साखळ्या. मला ते बघवत नसे. एकदा मी फटकन बोलले, "मामंजी, लोक पोटाला चिमटा घेऊन अंगावरचं उतरवतायत आणि आपण पेटी भरतोय. लाज नाही वाटत?" ते शांतपणे म्हणाले, "मी नाही घेतलं तर ते नगरच्या सराफाकडे जाईल. तो त्याच दिवशी आटवेल. माझ्याकडे निदान जसंच्या तसं राहतं." आणि ते मनापासून बोलत होते. त्यांनी कुणाला भाव पाडून दिला नाही, हेही मी सांगितलं पाहिजे.

संक्रांत होऊन गेली होती. भर दुपारी एक बाई आली. पंचविशीची असेल. हातांची पार सालटं निघालेली, डोक्यावर खडीची धूळ. धुरपदा तिचं नाव. दोन पोरं घेऊन इथं रस्त्याच्या कामावर होती, आणि तिचा नवरा जनावरं घेऊन छावणीवर गेला होता. मी तिला गुळाचा कोरा चहा दिला. तो पिऊन झाल्यावर तिनं गळ्यातला काळा दोरा काढला. दोऱ्यात विड्याच्या सुपारीएवढा चांदीचा एक टाक होता, म्हणजे पत्र्यावर ठशानं उठवलेली मूर्ती. देव्हाऱ्यात देवांचे असतात तसा.

मामंजींनी तो नखानं उडवून बघितला. पातळ पत्रा, आवाज येणार कुठून? "ही बोलत नाही," ते म्हणाले. मग भिंग लावलं. "बाईमाणसाची मूर्ती आहे. कुठली देवी?"

"देवी न्हाई," धुरपदा म्हणाली. "घरचीच हाय."

"घरची म्हणजे कुलदेवी," असं म्हणून मामंजींनी चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिताना ते मोठ्यानं बोलत, शाळेतली सवय. "देवी. चांदी. कडेला दातांचे वण, वर दोन, खाली दोन. प्रत हलकी." प्रत हलकी म्हणून त्यांनी किंमतही थोडी कमी धरली. तेवढंच एकदा.

धुरपदा उठता उठता म्हणाली, "पाऊस पडला का न्याया येते, मास्तर. कुनाला दिऊ नका तिला."

"बरं, बरं," मामंजी म्हणाले. असं सगळ्याच म्हणायच्या आणि मामंजी सगळ्यांनाच बरं म्हणायचे.

मी तिथंच उभी होते. गळ्यातला टाक, त्यात बाईची मूर्ती, आणि 'घरचीच हाय' हे शब्द. मला शंका आली होती. आमच्या घरात तीन पिढ्यांपासून देव्हारा नाही, पण म्हणून गावात काय चालतं हे कळत नाही असं थोडंच आहे? नवऱ्याची पहिली बायको वारलेली असली तर दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा, घरात नवं लुगडं आलं की आधी त्या टाकाला दाखवायचं आणि मग स्वतः नेसायचं, हे मी माझ्या आजीच्या शेजारी पाहिलेलं होतं. पण मी बोलले नाही. मामंजींशी पुन्हा वाद कोण घालणार, असं म्हणून मी कप विसळायला आत गेले. माझ्यासारखी तोंडाळ बाई नेमकी त्या दिवशी गप्प बसली.

होळीच्या सुमाराला नगरचा एक दलाल घरी आला. त्याला मामंजींचं दुखणं बरोबर माहीत होतं. मामंजींकडे चांदी होती, तांबं होतं, पण आयुष्यभर झुरूनही एक सोन्याचं नाणं नव्हतं. त्यानं मखमलीच्या तुकड्यातून हरभऱ्याच्या डाळीएवढा पिवळाजर्द होन काढला. शिवकालीन, म्हणाला. मामंजी पुढं सरकले. त्यांनी तो वाजवला, कानाशी धरला, पुन्हा वाजवला. पण सोनं कधी वाजवलेलंच नव्हतं, तर कान काय सांगणार? दलाल म्हणाला, पैसे नकोत, नाण्यांनाही हात लावत नाही, फक्त ही मोडीची चांदी द्या. तोडे, वाळे, साखळ्या सगळं चिठ्ठ्या काढून एका फडक्यात बांधून गेलं. त्यात धुरपदाचा टाकही गेला. मामंजींना आठवलंच नाही. रात्री जेवतानासुद्धा होन ताटाशेजारी होता.

चैत्र संपत आला होता. आकाश नुसतं पांढरं. धुरपदा पुन्हा आली ती जवळजवळ पळतच. ओट्यावर टेकली आणि बोलायलाच लागली.

"मास्तर, पोराला लई हगवन लागलीया. दवाखान्यात न्हेलं, औषीद चालू हाय. पर रातभर आईला हाका मारतंय. मी हाय की रं, म्हनलं तर मला ढकलतंय. दोन दिस तिला माझ्याकडं द्या. पोरगं बरं झालं का माघारी आनून देते. तुमचं पैकं बुडवायची न्हाई मी."

"तिला म्हणजे कुणाला?" मामंजींनी विचारलं.

"सरूला. माझी सवत हाय ती. बाळतपनात गेली. थोरलं पोरगं तिचं. पाच वर्साचं हाय आता. दात येत हुतं तवा मांडीवर घेतलं का माझ्या गळ्यातली सरूच चावायचं बघा. दुसरं काय बी दिलं तरी घ्यायचं न्हाई. आईलाच चावायचं."

मामंजी भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना. मग मी ऐकलं की ते म्हणतायत, "नगरला ठेवलंय. बँकेत. परवा ये, आणून ठेवतो."

"परवा?"

"परवा नक्की."

तिनं त्यांच्या पायांना हात लावला आणि आली तशी गेली. ती वळणापलीकडे गेल्यावर मी म्हटलं, "बँकेत? मामंजी, बँकेत?" ते म्हणाले, "तोंडातून निघून गेलं गं." खरं बोलले असते तर तिनं शिव्याशाप दिले असते आणि लेकराजवळ बसायला गेली असती. खोटं बोलून त्यांनी तिला दोन दिवसांची आशा लावून दिली. मला त्यांचा इतका राग आला होता की मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही दोघं नगरला गेलो. त्यांना एकट्याला सोडायला मन होईना. दलाल आपल्या गाळ्यात गादीवर बसला होता. मामंजींनी होन त्याच्यापुढे ठेवला आणि हात जोडले. "हा परत घ्या. मला फक्त तो टाक द्या. बाकी चांदी तुम्हाला राहू द्या." दलालानं फळीवरून चांदीची एक लगड उचलली आणि समोर ठेवली. "ह्यातला कुठला तुमचा, ओळखा मास्तर. त्याच संध्याकाळी आटवलं सगळं." मामंजी त्या लगडीवरून हात फिरवत राहिले. मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

दोन गाळे सोडून एक म्हातारा सोनार होता. मामंजींनी त्याला होन दाखवला, मोडून टाक करून द्या म्हणाले. त्यानं कसोटीवर एक रेघ ओढली, मामंजींकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "मास्तर, पितळ आहे. वर मुलामा." एरवी मामंजी कोसळले असते. त्या दिवशी त्यांनी होन खिशात टाकला आणि विचारलं, "सवतीच्या टाकाचा ठसा आहे का तुमच्याकडे?" ठसा होता. सगळ्या सवतींचा ठसा एकच, सोनार म्हणाला. आमच्यासमोर बसून त्यानं पत्रा ठोकला. तीच मूर्ती, तोच आकार. मी आणलेले घरखर्चाचे पैसे देऊन आम्ही निघालो.

परवाचा दिवस उजाडला. मी चुलीपाशी होते. मामंजी ओट्यावर पाठमोरे बसले होते आणि त्यांचा जबडा हलत होता. जवळ जाऊन बघते तर तो नवा टाक दातांत धरून ते चावत होते. समोर गुडघ्यावर त्यांची जुनी चिठ्ठी. हिरडीतून रक्त येऊन हनुवटीवर ओघळलं होतं.

"मामंजी, हे काय करताय?"

"वण," ते म्हणाले. "वर दोन, खाली दोन. मी लिहून ठेवलंय ना." आणि पुन्हा चावायला लागले. मला रडू फुटलं. अहो, त्यांच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं होतं.

त्या दिवशी धुरपदा आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आली, चालत, सावकाश. तिला बघताच आम्ही समजलो. तिनं रडून घेतलेलं होतं. दारातच थांबली आणि हात पुढे केला.

"काल गेलं पोरगं. द्या तिला. त्याच्यापाशी पुरते. एकटं हाय तिथं."

मामंजींनी टाक तिच्या हातावर ठेवला. तिनं बघितलासुद्धा नाही. अंगठा कडेवरून फिरवला, एकदा, दोनदा. मग अंगठा थांबला.

"ह्ये तर मोठ्या मानसाचं दात हाईत," ती म्हणाली.

मामंजींनी सगळं सांगितलं. होन, दलाल, लगड, बँकेचं खोटं, काही ठेवलं नाही. ती ऐकत होती. मला वाटत होतं, आता ही टाक तोंडावर फेकून मारील. मारायला हवा होता. पण तिनं तो मामंजींच्या हातात परत दिला आणि त्यांची मूठ मिटवली.

"म्या इकली तिला, तुमी इकत घेतली. आता माझ्या गळ्यात ती कशी ऱ्हाईल? तुमीच घाला. आन् घरात नवं कापड आलं तर आदी तिला दावा, मंग अंगाला लावा. तिला तशीच पडू दिऊ नका कुटं." असं म्हणून ती गेली. आवाज चढवला नाही, की एक वाकडा शब्द बोलली नाही. पोर दुसऱ्याच्या घरी ठेवताना आई सांगते तसं सांगून गेली.

मामंजींनी फीचा डबा काढला. होन त्यात टाकला. टाक मात्र डब्यात टाकला नाही. "ही फी मी भरली नाही, सूनबाई," एवढंच म्हणाले. जुनी चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली. त्यात प्रत नव्हती, धातूही नव्हता. नुसतं 'सरूबाई' लिहिलं होतं.

पेटी त्यांनी परत उघडली नाही. जून लागल्यावर पाऊस आला, चांगला आला. चिखल वाळून वाफसा होताच ते धुरपदाच्या गावी चालत गेले. घराला कुलूप होतं. नवरा-बायको धाकट्याला घेऊन पोटासाठी मुंबईकडे गेल्याचं शेजाऱ्यानं सांगितलं. त्यानंतर दरवर्षी ते एकदा जाऊन कुलूप बघून यायचे. उपासनेत अर्पणाचं ताट फिरताना ते आता डोळे उघडे ठेवून बसायचे. नाणं पडलं तरी ओठ हलत नसत. खजिनदारानं एकदा स्वतः होऊन चांदीची अधेली दाखवली, तर म्हणाले, "मला ऐकू कमी येतं हल्ली." साफ खोटं. मी स्वयंपाकघरात पुटपुटलेलं त्यांना ओट्यावर ऐकू जायचं.

ऐन वैशाखातसुद्धा ते सदऱ्याचं गळ्याचं बटण लावून बसत. आणि नाताळ आला, घरात कापड आलं, की सगळं बोचकं आधी त्यांच्या खोलीत जायचं, दार लोटलं जायचं. थोड्या वेळानं ते बाहेर येऊन माझी साडी माझ्या हातात द्यायचे. माझ्या यजमानांना वाटायचं, बाबा कापडावर प्रार्थना करतात. मी काही सांगितलं नाही. मामंजींनाही विचारलं नाही. इतक्या गोष्टींवरून त्यांच्याशी भांडले, पण या एका गोष्टीला मी कधी तोंड लावलं नाही.

ते गेले थंडीत, छातीच्या दुखण्यानं. शेवटचे आठ-दहा दिवस अंग पुसायला मीच होते, तेव्हा तो टाक रोज दिसायचा. काळ्या दोऱ्यात, छातीच्या पांढऱ्या केसांत. ते माझा हात धरून म्हणाले होते, "हिला एकटी ठेवू नकोस."

मातीच्या दिवशी पाळकबाई आणि मंडळीतली दोन वडीलधारी माणसं खोलीत होती. दोरा बघून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पाळकबाई म्हणाल्या, "हे काढा, बाई. असलं गळ्यात घालून ख्रिस्ती माणसाला कसं नेणार?"

"तसंच नेणार," मी म्हटलं. "ते त्यांच्या नात्यातलं माणूस आहे."

यजमानांनी नवा सदरा आणला होता. मी घडी मोडली, आणि सगळ्यांच्या देखत तो आधी त्या टाकापुढे धरला. "सरूबाई, मामंजींना नवा सदरा आणलाय," मी म्हणाले. मग तो त्यांच्या अंगात घातला आणि गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावली.